आधी आकडे शोधा, मग प्रश्नावली छापा. पटतंय का?

गोदाकाठ:
आपल्या भागातले एम.एड., पीएच.डी.चे प्रबंध चाळले की एकच साचा दिसतो. एक तालुका, शंभर शिक्षक, पाच पर्यायांची प्रश्नावली, व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक आणि शेवटी 'शिक्षकांचा दृष्टिकोन सकारात्मक आढळला'. (नकारात्मक आढळलेला प्रबंध कुणाकडे असेल तर दाखवा, चहा माझ्याकडून.)

माझं म्हणणं असं की, मराठवाड्यातल्या शिक्षणावर लिहायचं तर आधी फुकट पडून असलेली आकडेवारी पाहावी. यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं सगळं आहे. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय साक्षरता आहे, राज्याची ८२.३४ टक्के, आपले आठही जिल्हे त्याखाली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) तर आरोग्यासोबत शिक्षणावर स्वतंत्र पाहणी होती: फी, शिकवणीचा खर्च, शाळा का सोडली. तिचा कच्चा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर नोंदणी करून मिळतो. त्यात महाराष्ट्राचे जे विभाग पाडलेत, त्यातला 'इनलँड सेंट्रल' म्हणजे नेमका आपला मराठवाडा. हे आयतं हाताशी असताना पुन्हा शंभर शिक्षकांना कशाला छळायचं?

बालाघाटी मास्तर:
सर, तुम्ही म्हणायलात ते संभाजीनगरात बसून बरोबर वाटतं. मी बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या पट्ट्यात शिकवतो. यू-डायसची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशी माझा वर्ग भरलेला असतो. दिवाळी उरकली की मुकादमाचे ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, शेळी, धाकटं लेकरू सगळं वर चढतं. थोरली पोरगी तिकडं कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) लहान भावाला सांभाळायला लागते, म्हणून तीही जाते. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिली तेवढी लेकरं शाळेत. पट मात्र कागदावर तसाच. आता या आकड्यावर 'बीडमध्ये नोंदणी उत्तम' असा निष्कर्ष काढणार का?

आणि उलटी गंमत बघा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, म्हणजे लेकरांना काय येतं याची देशभरची चाचणी, झालं १२ नोव्हेंबर २०२१ ला. लक्ष्मीपूजन होतं ४ नोव्हेंबरला. पुढचं 'परख' या केंद्रीय मूल्यमापन संस्थेचं सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला, ऐन हंगामात. म्हणजे लेकरं मोजायची ती जायच्या आधी, आणि परीक्षा घ्यायची ती मागं राहिलेल्यांची.

परभणीकर ताई:
मास्तर, मुद्दा लाखमोलाचा. पण हा दोष डेटाचा नाही, तारीख न वाचता डेटा वापरणाऱ्याचा आहे. यू-डायसमध्ये याहून मोठा खड्डा वेगळाच आहे. २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय नोंद सुरू झाली. त्याआधी शाळा नुसते एकत्रित आकडे भरायची. देशाचा पट २०२१-२२ मध्ये २६.५२ कोटी, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी. लगेच 'पावणेदोन कोटी मुलं शाळेबाहेर' असे मथळे तयार! मोजायची पद्धतच बदलली तर दोन वर्षांची सरळ वजाबाकी कशी करणार?

अजून एक. जुन्या फायलींत औरंगाबाद, उस्मानाबाद आहे, नव्यांत नावं बदललीत. बीडचं इंग्रजी स्पेलिंग तर जनगणनेत वेगळंच. नावावरून फायली जोडू नका, कोडवरून जोडा. २०११ च्या जनगणनेत बीड ५२३.

निवृत्त केंद्रप्रमुख:
नोकरीभर हे फॉर्म भरून घेतले, म्हणून सांगतो. पटावर संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते), संचमान्यतेवर शिक्षकाचं पद. ज्या आकड्यावर माणसाची बदली ठरते, तो आकडा आपोआप खरा राहील का? २०११ ची पटपडताळणी आठवा, कागदावरचा पट खरा का ते शाळेत जाऊन मोजलं होतं. सुरुवात आपल्या नांदेडातूनच झाली होती, मग ऑक्टोबरात राज्यभर झाली. आधार जोडल्यावर बराच फरक पडला, हे मान्य. पण वर्गखोली 'सुस्थितीत' आहे का, हे अजूनही भरणाऱ्याच्या मनावर. छताचे पत्रे गळतात आणि फॉर्मवर सुस्थिती!

गोदाकाठ:
म्हणून तर 'असर' आहे ना काका, 'प्रथम' संस्थेचं सर्वेक्षण. ते लेकरांची माहिती शाळेच्या कागदावरून घेत नाहीत, थेट घरी जातात. २००५ पासून चालू आहे. ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं, गावात २० घरं, आणि लेकराला समोर बसवून वाचायला लावतात. त्यात संचमान्यतेचा संबंध येतोच कुठं?

बालाघाटी मास्तर:
घराला कुलूप असलं तर काय विचारतात? पुढच्या घरी जातात. आमच्या तांड्यावर डिसेंबरात कुलपंच जास्त.

परभणीकर ताई:
शिवाय 'असर' फक्त ग्रामीण आहे. लातूर शहरातल्या क्लासेसवर कुणाला लिहायचं असेल तर तिथं काही हाती लागणार नाही. मराठवाड्याच्या शहरी भागाचा एकूण अंदाज हवा तर ७५ वी फेरी बघा.

तरी मी गोदाकाठ यांच्याच बाजूनं आहे. मास्तरांनी ३० सप्टेंबरचा घोळ सांगितला तो कशामुळं कळला? पटाचा आकडा आणि वर्गातली लेकरं शेजारी ठेवली म्हणून. अधिकृत आकडा हातात नसता तर फरक दाखवला कशाचा असता?

बालाघाटी मास्तर:
मला कळायला साइट लागली नाही, ताई. हजेरी मीच घेतो. माझं मागणं एवढंच आहे की संशोधकानं जानेवारीत यावं आणि हजेरीपत्रक बघावं. येतात ते जुलैत, पंचायत समितीत चहा पितात, केंद्रशाळेत फोटो काढतात आणि जातात.

गोदाकाठ:
हजेरी बघायला गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती बाहेरच्या पोराला कोण देतं? माहिती अधिकारात मागितली तर विद्यार्थ्यांची नावं देणार नाहीत, आणि देऊही नयेत. पण महिनावार उपस्थितीची एकूण संख्या मागता येते. ऑगस्ट आणि जानेवारी, एकाच शाळेची.

निवृत्त केंद्रप्रमुख:
मागा खुशाल. पण ऊसतोडीच्या गावातल्या जानेवारीच्या रकान्यात शंभर टक्के 'उ' दिसले, तर तो अर्ज माझ्या नावावर खपवू नका.

जालना नवखा:
मध्येच विचारतो. एम.एड.ला आहे, घनसावंगी तालुक्यातल्या शिकवणीच्या खर्चावर काम करायचंय. ७५ व्या फेरीत तालुका निघेल का?

परभणीकर ताई:
नाही, दादा. तालुक्यापुरता नमुना फारच छोटा पडतो. विभागाचा म्हणजे मराठवाड्याचा अंदाज काढा, तो भारांक (नमुन्यातल्या प्रत्येक घराला दिलेलं वजन) लावूनच. तालुक्यासाठी तुम्हाला घरोघरीच जावं लागेल. प्रश्न मात्र फेरीच्या अनुसूचीतले, म्हणजे तिच्या प्रश्नावलीतलेच घ्या, शब्दही तेच ठेवा, म्हणजे तुमचा आकडा विभागाच्या आकड्याशेजारी ठेवता येईल.

बालाघाटी मास्तर:
आणि दिवाळीच्या आधी जा.