गार्ड नाही म्हणून तारीख चुकली

कुणीतरी म्हटलंय की न्यायाधीश तुरुंगाला भेट देतातच, मग तिथल्या आरोग्यसेवेची वेगळी तपासणी कशाला? अहो, न्यायाधीशांना औषधांतलं काय कळणार? आणि भेटीच्या दिवशी दवाखाना लख्ख असतोच.

इंग्लंडात तुरुंग निरीक्षकांसोबत केअर क्वालिटी कमिशनचे, म्हणजे आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, लोक येतात, तेही बहुतेकदा न सांगता. कैद्यांकडून गोपनीय प्रश्नावली भरून घेतात, औषधाच्या खिडकीपाशी उभे राहतात. मुख्य म्हणजे तिथली आरोग्यसेवा २००६ पर्यंत एनएचएसकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे, गेली. डॉक्टर तुरुंगाधिकाऱ्याच्या हाताखालचा नाही. सगळं आलबेल झालं असं नाही, पण निदान अहवाल छापून येतात.

आपल्याकडे दर ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर हा निकष कागदावर आहे. मी तपासणीला गेलो तर आधी एकच वही मागेन: बाहेरच्या इस्पितळाच्या किती तारखा पोलीस गार्ड न मिळाल्याने हुकल्या? मधुमेह्याचे पाय आणि बायपासवाल्याची इको तिथेच अडकते.

तळोजा तुरुंगात पार्किन्सन (हात थरथरणारा आजार) झालेल्या, आदिवासींसाठी काम करणाऱ्या वृद्ध पाद्री स्टॅन स्वामींना २०२० मध्ये साध्या स्ट्रॉ-सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला होता. तो कुठल्या रजिस्टरात बसवणार?