मदत हवी आहे : नाट्यगृहातल्या रॅम्पसाठी पालिकेचा निधी

नमस्कार मंडळी. आमच्या गावचं नाट्यगृह नगरपालिकेचं. दाराशी उंच पायऱ्या, रॅम्प नाही. माझी धाकटी बहीण व्हीलचेअर वापरते आणि तिला नाटकाचं वेड आहे. चौघांनी उचलून आत नेलेलं तिला आवडत नाही, आणि का आवडावं? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क दिलेला आहे.

पालिकांना स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यातून रॅम्प, वापरता येईल असं स्वच्छतागृह, प्रेक्षागृहात व्हीलचेअरची जागा (आणि दिव्यांग कलाकारांना रंगमंचावर जायची वाटही!) करून घेता येते का? तुमच्याकडे कुणी करून घेतलंय? अर्ज थेट मुख्याधिकाऱ्यांकडे द्यायचा की आधी बांधकाम विभागाकडून अंदाजपत्रक घ्यायचं? एखाद्या पालिकेच्या ठरावाची प्रत असेल तर कृपया पाठवा.