शब्दचर्चा : ‘अर्धपार्य’ की ‘निवडक्षम’?

उदगीरकर : अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी पेशीपटलावर (पेशीभोवतीच्या पातळ आवरणावर) मराठीतून टिपणे तयार करत आहे. ‘पेशीपटल अर्धपार्य असते’ असे मी लिहिले होते. सहशिक्षिकेने ‘अर्धपार्य’ खोडून ‘निवडक्षम’ केले. आम्ही शिकलो तेव्हा पहिलाच शब्द रूढ होता. या दोहोंत खरेच भेद आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ : भेद आहे, आणि तुमच्या सहशिक्षिकेचे बरोबर आहे. अर्धपार्य पटल द्रावकाला (जसे पाण्याला) वाट देते आणि द्रावणातील पदार्थाला अडवते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८७७ साली तांब्याच्या फेरोसायनाइडचे असेच पटल वापरून साखरेच्या द्रावणाचा दाब मोजला होता. पेशीपटलाचे काम एवढ्यावर थांबत नाही; कोणाला वाट द्यायची आणि कोणाला नाही याची ते निवड करते, म्हणून ते ‘निवडक्षम’. जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीच्या त्या दुहेरी मेदस्तरातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातात, पाण्याचे बरेचसे रेणू ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या वाटेने जातात आणि सोडियमचा पंप तर ऊर्जा खर्चून दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो, तेही दोघांच्या नैसर्गिक ओढीच्या विरुद्ध. हे सारे ‘अर्ध’ या उपसर्गात कसे मावणार?

परभणीकर : सर, विज्ञान मान्य आहे, पण शब्द कोणासाठी घडवायचा याचाही विचार व्हावा. कैरीच्या फोडींना मीठ लावले की खार सुटतो, बुंध्याशी युरिया जास्त पडला की रोप करपते. आमच्या शेतकऱ्याला एवढे समजावण्यासाठी ‘पाणी जाते, बाकीचे अडते’ असे सांगणारा अर्धपार्य हा शब्द पुरतो.

गोदाकाठ : ताई, लोणच्याचेच उदाहरण पुढे नेऊ. खार सुटतो तेव्हा पेशीपटल शाबूत असते, म्हणून पाणी बाहेर येते आणि मीठ बाहेरच राहते. पुढे पेशी मरतात, पटलाचा ताबा सुटतो आणि मग मीठ-मसाला फोडीच्या आत उतरतो. त्यालाच आपण लोणचे मुरले म्हणतो. म्हणजे सुटणे आणि मुरणे यांतला फरक पटलाच्या जिवंत निवडीचाच आहे, आणि घरोघरी तो आधीपासून बोलला जातो.

औंढेकर : निवडीचा वाद चालू द्या, माझी अडचण ‘पटल’ या शब्दाशीच आहे. माझे वडील निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून शिकले. उस्मानिया विद्यापीठात तेव्हा विज्ञानही उर्दूतून शिकवले जाई, आणि वडील शेवटपर्यंत ‘झिल्ली’ म्हणत. तो शब्द कानाला पातळ वाटतो. ‘पटल’ म्हटले की मला विधिमंडळाच्या पटलावर ठेवलेले कागद आठवतात.

उदगीरकर : ‘पटल’ परका नाही. संस्कृतात त्याचा अर्थ छप्पर, आच्छादन, डोळ्यावर येणारा पडदा असा आहे, आणि ‘दृष्टिपटल’ आपण रोज वापरतो. ‘पट’ म्हणजे वस्त्र, त्यावरून तो आला असावा असे मला वाटते.

औंढेकर : वस्त्राचाच आधार घ्यायचा तर ‘पडदा’ काय वाईट? फारसी आहे म्हणून टाळायचा का? मराठवाड्याच्या बोलीतून असे शब्द गाळायचे ठरवले, तर बाजारातला व्यवहारच थांबेल.

परभणीकर : पडदा सरकवता येतो, पेशीपटल सरकवता येत नाही, ‘पापुद्रा’ अधिक जवळचा आहे.

गोदाकाठ : पापुद्रा सोलून काढतात, पेशीपटल सोलता येत नाही. आणि शुद्धतेचाच हिशोब मांडायचा असेल तर ‘परासरण’ आणि ‘तर्षण’ यांचाही निकाल लावावा लागेल; पटलातून पाणी दाट द्रावणाकडे जाते त्या क्रियेची (ऑस्मॉसिसची) ही दोन नावे. शालेय पुस्तके पहिला शब्द वापरतात, विश्वकोश दुसरा. ‘तर्षण’ तहानेवरून आलेला आहे, म्हणून तो मला अधिक अर्थवाही वाटतो.

परभणीकर : तहान कोणाची, पेशीची की द्रावणाची? वर्गात पहिला प्रश्न हाच येईल, आणि त्याचे उत्तर ‘तर्षण’ या शब्दात मिळत नाही.