मदत हवी आहे: भावाचा फ्लॅट घेतला, आता दादा-वहिनी घटस्फोट घेताहेत

मनवा_धायरी
कोणीतरी लवकर सांगा. २ वर्षांपूर्वी दादाचा धायरीतला फ्लॅट आम्ही घेतला. २२ लाख दिले, राहिलेले हप्ते आम्हीच भरतोय, राहतोही आम्हीच. आता दादा-वहिनीचं फिसकटलंय आणि वहिनीच्या वकिलाची नोटीस आलीये की फ्लॅटमध्ये तिचा अर्धा हिस्सा आहे. घर कसं वाचवू?

आडवाट
ताई, 'घेतला' म्हणजे? खरेदीखत झालंय का? इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर, कोणाचं नाव आहे?

मनवा_धायरी
विसारपावती केलीये, ५०० च्या स्टॅम्पवर, नोटरी करून. कर्ज फिटलं की रजिस्ट्रेशन करू म्हणाला होता. सख्खा भाऊ आहे हो!

आडवाट
कर्ज कोणाच्या नावावर? आणि मूळ करारनामा?

मनवा_धायरी
दोन्ही दादा-वहिनी दोघांच्या नावावर.

कायदेकानू
मग वहिनी हिस्सा मागत नाहीये, ती आधीपासून मालकच आहे. विसारपावतीवर तिची सही आहे?

मनवा_धायरी
नाही. पण ती तिथेच होती. चहा तिनेच केला सगळ्यांना. कपाखाली डाग पडू नये म्हणून स्टॅम्पपेपर तिनेच उचलून बाजूला ठेवला.

निवांत६५
एवढी डोकेफोड कशाला? दादाकडून बक्षीसपत्र करून घ्या. २०० रुपये मुद्रांक शुल्क. मी मुलीला असाच फ्लॅट दिला.

कायदेकानू
काका, ती सवलत नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्यासाठी. बहिणीला नाही. शिवाय दादा देऊन देऊन स्वतःचाच हिस्सा देणार.

निवांत६५
आमचं २०० मध्येच झालं. पावती आहे माझ्याकडे.

कायदेकानू
तुमचं झालंच असेल, तुम्ही मुलीला दिलात. मनवाताई, तुमच्या कागदावर घर तुमचं होत नाही. २००१ पासून करार नोंदवलेला नसेल तर ताबा असूनही मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चं, म्हणजे ताबा टिकवण्याचं, संरक्षण मिळत नाही.

रानजाई
एकट्या बाईच्या नावावर खरेदी केली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क १ टक्का कमी लागतं. नवऱ्याचं नाव घालूच नका.

झुंजार_पुणेकर
वहिनीवर फसवणुकीची तक्रार ठोका. समोर बसून चहा पाजला म्हणजे माहीत होतंच की तिला.

रानजाई
वहिनीवर का? दुसऱ्याच्या सहीशिवाय घर विकलं कोणी? माझ्या मावशीचं असंच झालं, ११ वर्षं नोकरी करून हप्ते भरले आणि शेवटी तिलाच विचारलं, तुझं काय आहे यात?

आडवाट
भांडण नंतर. ताई, कोर्टात काही दाखल झालंय का? मिळकतीबद्दल दावा दाखल झाला आणि त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदली गेली, तर त्यानंतरच्या खरेदीवर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक राहतो. त्याआधी हालचाल करा.

मनवा_धायरी
अजून काही नाही. संमतीने घेऊ म्हणताहेत.

कायदेकानू
मग संधी आहे. त्यांच्या घटस्फोटाच्या संमतीच्या अटींमध्ये फ्लॅट तुम्हाला विकायचा आणि पैसे कसे वाटायचे हे लिहून घ्या. पण नुसत्या त्यावर विसंबू नका, घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. दोघांच्या सहीचा करार, बँकेच्या संमतीसह, नोंदवून घ्या. तुम्ही भरलेल्या प्रत्येक हप्त्याचा बँकेचा उतारा काढून ठेवा.

मनवा_धायरी
आत्ता वहिनीशी बोलले. म्हणाली, "मला तुमचं घर नकोय गं. माझ्या पगारातून गेलेले हप्ते हवेत. आणि ते २२ लाख कुठे गेले, ते मला कोणी सांगितलंच नाही." सगळे दादाच्या एकट्याच्या खात्यात टाकले होते आम्ही. मी हे तिला तेव्हाच विचारायला हवं होतं. शनिवारी दोघांना वकिलाकडे बसवतेय. करार आधी करू की संमतीच्या अटी?

आडवाट
शनिवारच्या आत बँकेकडून थकबाकीचं पत्र आणा. किती फेडायचं उरलंय ते कळल्याशिवाय दोन्हीतलं काहीच लिहिता येणार नाही. अर्ज मात्र कर्जदारांपैकी कोणीतरी करायला हवा. वहिनीलाच सांगून बघा.