मदत हवी आहे: एनआयसीयू असला म्हणजे झालं का? प्रसूतीचं हॉस्पिटल कसं निवडायचं?

नमस्कार मंडळी,
धाकट्या बहिणीला तिसावा आठवडा चालू आहे. आधीची दोन्ही बाळंतपणं सिझरची. आताच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) खाली, थेट गर्भपिशवीच्या तोंडावर दिसली आणि जुन्या टाक्यांपाशी चिकटल्याची शंका आहे. डॉक्टर म्हणाल्या, दोन सिझरनंतर वार अशी खाली असली तर दहापैकी चौघींची चिकटलेली निघते. ३४-३५ आठवड्यांत ठरवून सिझर करू, पण "मोठ्या ठिकाणी".

मोठं म्हणजे किती मोठं, इथेच आमचं घोडं अडलंय. घरचे म्हणतात, जवळच्या हॉस्पिटलात एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे, अजून काय हवं? मी जाऊन आलो. काउंटरवर "लेव्हल तीन आहे" एवढंच ऐकवलं. रात्री भूलतज्ज्ञ असतात का, तर म्हणे "फोन केला की येतात". तिथे काय काय विचारायचं? आणि हलवायचं कधी?

उत्तर १:
दादा, ती लेव्हल, म्हणजे कितपत अवघड केस सांभाळता येते त्याची पायरी, बाळाची. आईची लेव्हल वेगळी असते. अमेरिकेतसुद्धा नवजातांच्या लेव्हल १९७०च्या दशकापासून आहेत, आईच्या आल्या थेट २०१५ मध्ये! लेव्हल दोन साधारण ३२ आठवड्यांपुढच्या, दीड किलोवरच्या बाळांना पुरते. म्हणजे ३४ आठवड्यांचं बाळ बहुधा तिथेही निभावेल. तुमचा घोर आईचा आहे. चिकटलेली वार सोडवायला गेलं तर मिनिटांत लिटरनं रक्त जातं, पुष्कळदा गर्भपिशवीच काढावी लागते.

म्हणून विचारायचं ते हे: रक्तपेढी आवारातच आहे का, रक्ताच्या एकदम दहा-बारा पिशव्या मिळतील का? भूलतज्ज्ञ रात्रंदिवस हजर असतात का? मोठ्यांचा आयसीयू आणि युरोसर्जन? (वार कधीकधी मूत्राशयापर्यंत जाते.) अशा केसेस ते नेहमी करतात का? "लागलंच तर पुढे पाठवू" असं म्हणाले, की फाईल उचला आणि निघा.

हलवणं म्हणाल तर बाळ पोटात असताना नेणं केव्हाही बरं. याच आठवड्यात त्या मोठ्या हॉस्पिटलात नाव घाला, रक्त जायला लागल्यावर ॲम्ब्युलन्स शोधत बसू नका. थोडं जरी गेलं तरी लगेच तिथेच न्या. बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं द्यायची की नाही, तेही तिथले डॉक्टर ठरवतील.

बहिणीचा रक्तगट कोणता? निगेटिव्ह असेल तर रक्तपेढीला आजच सांगून ठेवा.