पान दिसत नसलं तरी चालतं

'वेबसाइटची टिंगल रेडिओवर जमत नाही, कारण ऐकणाऱ्याला पानच दिसत नाही' असा मुद्दा कुणीतरी मांडला, तो पटला नाही. बीबीसी रेडिओ ४ वरचं विनोदकार निक डूडी यांचा विनोदी कार्यक्रम 'बिगीपीडिया' (२००९, दुसरी मालिका २०११) ऐकून बघा. विकिपीडियाच्या धर्तीवरचं काल्पनिक संकेतस्थळ म्हणजेच अख्खा कार्यक्रम, आणि त्याचं प्रायोजक 'कियांटो' नावाचं वाइनसारखं पेय! त्याही आधी, वेब जन्मालाच आलेलं नसताना, १९७८ मध्ये 'हिचहायकर्स गाइड' या रेडिओ मालिकेतल्या त्याच नावाच्या काल्पनिक मार्गदर्शक-ग्रंथाच्या नोंदी पीटर जोन्स यांनी नुसत्या आवाजावर उभ्या केल्या होत्या.

अशा लेखनात पानाचं काम आवाजाचा पोत करतो. नोंदीचा मजकूर माइकजवळून, सपाट आणि ठाम सुरात वाचायचा. चर्चापानावरची, म्हणजे नोंदीबद्दल संपादक जिथे वाद घालतात त्या पानावरची, भांडणं ३०० ते ३,४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात गाळायची, म्हणजे फोनवरून आल्यासारखी वाटतात. मग 'आता चर्चापान उघडलं' असं सांगावं लागत नाही. फसतं कुठे, तर प्रत्येक दुव्याला क्लिकचा आवाज लावला की. कान किटतो, आणि वाक्याच्या शेवटी आलेली टिचकी नेमका विनोदाचा शब्द खाते. टिचकी मोजकीच ठेवावी, तीही वाक्य सुरू होण्याआधी.