इंजिनाले शिव्या घालणं सोपं आहे बाप्पा

धंतोलीचा घोडा: परवा कॉटन मार्केट काकांनी पोस्ट टाकली की पोट्ट्यांच्या फोनमधून बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली सांगणारं सॉफ्टवेअर, काढून फेका, खेळाचं रेटिंग २००० होईपर्यंत हात लावू देऊ नका, वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या गुकेशनंही लावला नव्हता. सगळे वा काका वा काका करून राह्यले. दोन दिवस गप्प बसलो, आता नाही राहवत. गुकेश साधारण २५०० पार होईपर्यंत इंजिनाशिवाय शिकला हे खरं, पण शेजारी कोण होतं? त्याचा कोच विष्णू प्रसन्ना, स्वतः ग्रँडमास्टर. त्याले स्टॉकफिशसारख्या इंजिनाची गरज काय? काटोल-नरखेडच्या पोराशेजारी कोण बसते सांगा, गुरं?

आमचंच सांगतो. शाळेत एक सर होते, त्यांचा लाडका बळी म्हणजे चौथ्याच चालीला उंट एफ-सातवर, राजाशेजारच्या प्याद्यावर, मारायचा, राजानं खाल्ला की घोडा जी-पाचवर शह. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तेच खेळलो, कच्चे पोट्टे घाबरून हरायचे म्हणून वाटे भारी आहे. नंतर कधीतरी फोनवर टाकलं तर इंजिन म्हणे राजा जी-आठवर परत जातो, संपलं, एका प्याद्यात उंट देऊन बसलात. इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं! फुकटात मिळते ना स्टॉकफिश, मग गरिबाच्या पोरानं काऊन सोडायचं?

कॉटन मार्केट काका: सरांना नावं ठेवायच्या आधी सरांनी तुला सोंगट्या मांडायला शिकवलं ते आठव. आता माझं ऐक. नातू १३ वर्षांचा, नजडॉर्फ नावाच्या ओपनिंगच्या अठरा चाली तोंडपाठ, झोपेतून उठवला तरी सांगते. गेल्या महिन्यात हत्तीचा एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, आला, समोरच्याकडे हत्ती आणि डी-चं प्यादं, याच्याकडे नुसता हत्ती. हत्ती आपल्याकडून तिसऱ्या रांगेत धरून ठेवायचा, प्यादं तिथे आलं की पार खाली जाऊन मागून शह देत बसायचं, एवढंच आहे, फ्रेंच उस्ताद फिलिडोर १७०० च्या शतकात सांगून गेला. हा हत्ती घेऊन पहिल्या रांगेत दडून बसला अन हरला. घरी येऊन फोनवर टाकलं तर ०.००. मला म्हणे आबा बरोबरीच होती. बरोबरी होती तर हरला काऊन बे? ते शून्य इंजिनाचं आहे, तुझं नाही!

मानेवाडा मम्मी: काका, नातवाचं पटलं. पण पोरांच्या आधी बापांचे फोन काढून घ्या. मे महिन्यातली स्पर्धा, बाहेर ४५ डिग्री, आम्ही आईबाप मांडवाखाली. एक पोरगा रडवेला बाहेर आला, नऊ-दहा वर्षांचा असेल. बापानं पाणी विचारलं नाही, हातातला चाली लिहिलेला स्कोअरशीट ओढला अन तिथेच उभ्या उभ्या फोनमध्ये चाली टाकायला लागला. पोरगा बाटलीचं झाकण उघडतो-लावतो, उघडतो-लावतो. "हे पाय, सव्वीसाव्या चालीला प्लस पाच होतं, जिंकतच होतास, दिसलं नाही तुला?" पुढची फेरी अर्ध्या तासानं. काय खेळणार तो?

हुडकेश्वर ६४: बाप तिथे काय तर्री पोहे खायला आलेला नसते ताई. एन्ट्री फी, कोचिंग, गाडीभाडं, दोन दिवसांची सुट्टी, हे सगळं बापच भरते. चूक दाखवली तर गुन्हा?

मानेवाडा मम्मी: चूक दाखवायला ती दिसावी लागते. तुम्हाला तरी बोर्डावर दिसली असती का ते प्लस पाच? १९९७ मध्ये डीप ब्लू कॉम्प्युटरनं वर्ल्ड चॅम्पियन कास्पारोव्हला हरवलं, आता तर फोन त्याच्याही पुढे गेलाय, त्या फोनच्या जिवावर दहा वर्षांच्या लेकराला झापायचं म्हणजे कॅल्क्युलेटर हातात धरून पाढे विचारण्यासारखं आहे.

हुडकेश्वर ६४: माझी पोरगी, माझा प्रश्न. लेक्चर नको.

सीताबर्डी एक्सप्रेस: आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला जॉर्जियातल्या बटुमीत महिलांचा वर्ल्ड कप मारला, कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून नागपुरात दर दुसऱ्या बापाले घरात दिव्या दिसून राह्यली 😄 अन ते जाऊ द्या, एवढी फी घेतात तर हॉलमध्ये एक कूलर काऊन नाही लावत? मागच्या वेळी माझा घाम स्कोअरशीटवर पडून चालच पुसली.

मानेवाडा मम्मी: कूलर होता, ऑर्गनायझरच्या टेबलाकडे तोंड करून.

धंतोलीचा घोडा: धागा इंजिनाचा आहे लोकहो. काका, तुमच्या नातवाची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. इंजिन खोटं बोललंच नाही, ०.०० बरोबरच होतं. त्यानं तिथेच फोन बंद केला ही गडबड. तीच पोझिशन ठेवायची, स्वतः नुसत्या हत्तीकडून खेळायचं, समोर इंजिन. दहादा मार खाऊ दे, अकराव्यांदा तिसरी रांग आपोआप आठवते. मी गेम संपला की आधी वहीत लिहितो, कुठे घाबरलो, कुठे घाई केली, कोणती चाल पाहिलीच नाही, मग इंजिन लावतो. अन इंजिनाच्या ०.३, ०.४ अशा बारीक फरकाकडे पाहतच नाही, आपल्या लेव्हलला त्यानं काय फरक पडते? आपण हत्ती फुकट देऊन येतो.

कॉटन मार्केट काका: दहादा मार खायला पोरगं बसलं पाहिजे ना. बाजूला कोण पुढे ते दाखवणारी ती पांढरी-काळी पट्टी वरखाली होते, तिकडेच डोळे. चाल सुचायच्या आधी उत्तर. विचार करायची सवयच मोडते, मी तेच म्हणतो.

धंतोलीचा घोडा: पट्टीचं मान्य. ती वाईट आहे.

कॉटन मार्केट काका: चला, तुम्हाला काहीतरी मान्य झालं, पेढे वाटतो.

हुडकेश्वर ६४: ताई, काल पोरीला विचारलं, मी बाहेर फोन काढला की तुला कसं वाटते. म्हणाली पपा तुम्ही गाडीत बसत जा. बसतो आता गाडीत. एसी तरी आहे.

कॉटन मार्केट काका: घोडेराव, नातू ट्यूशनहून यायच्या आत सांगा, ती पट्टी बंद कुठून होते? अर्धा तास झाला शोधून राह्यलो, सापडत नाही.